सोलापूर: सुरक्षा प्रशिक्षणासाठी कॉलेज आणि सरकारी खात्याचा करार, कागदावर काय लिहावं, मागाजवळ काय शिकवावं?

प्रश्न: यंत्रविभाग_सोलापूर

नमस्कार. सोलापुरातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवतो. आमचं कॉलेज, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय (पुढे नुसतं 'डिश' म्हणतो) आणि यंत्रमागधारकांची संघटना असा तिघांचा सामंजस्य करार करायचं चाललं आहे. विषय कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचं प्रशिक्षण. डोळ्यासमोर आहेत अक्कलकोट रोड एमआयडीसी आणि पूर्व भागातले टॉवेल-चादरीचे कारखाने. चिंचोळी एमआयडीसीचं नंतर बघू. १८ मे २०२५ च्या आगीत अक्कलकोट रोडला आठ जण गेले. तेव्हापासून 'काहीतरी केलं पाहिजे' असं सगळेच म्हणताहेत.

मसुदा हातात आला आहे. 'परस्पर सहकार्य', 'ज्ञानाची देवाणघेवाण', 'सुरक्षा सप्ताहात संयुक्त कार्यक्रम' अशी चार पानं. मागाजवळ जाऊन कोण काय करणार, याची एक ओळ नाही. म्हणून जाणकारांना विचारतो:

१) तिघांपैकी कोणाकडे नेमकं कोणतं काम द्यावं?
२) एका बैठकीला फार तर ४५ मिनिटं मिळतील. त्यात काय शिकवावं?
३) विद्यार्थ्यांना शेडमध्ये नेताना काय काळजी घ्यावी?
४) उपयोग झाला की नाही, हे कसं मोजायचं?

---

कलम_आणि_कुलूप

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर बाकीचे तीन विचारायची वेळच येणार नाही, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

डिशच्या अधिकाऱ्याला प्रशिक्षणाच्या दिवशी शेडमध्ये आणू नका. अधिकारी वाईट असतात म्हणून नाही. त्यांच्या हातात तपासणीचे आणि कारवाईचे कायदेशीर अधिकार आहेत, आणि धोका डोळ्यांनी दिसल्यावर गप्प बसायची मुभा त्यांना नाही. मालकाला हे चांगलं ठाऊक असतं. अधिकारी येणार म्हटलं की आदल्या दिवशी झाडलोट होते, पट्ट्यावरची जाळी एका दिवसापुरती चढते आणि मोडका माग 'दुरुस्तीला गेला' होतो. तुमच्या विद्यार्थ्यांना दिसतं ते नाटक.

डिशकडे तीन कामं द्या. अभ्यासक्रम तपासून मंजूर करणं, प्रशिक्षकांना शिकवणं, आणि जिल्ह्यात कोणत्या प्रकारचे अपघात जास्त होतात याची नावं-गावं वगळून माहिती देणं. शेडमध्ये पाऊल कॉलेजचं.

अमेरिकेत ही विभागणी बऱ्याच वर्षांपासून आहे. तिथल्या 'ओशा' या खात्याची छोट्या धंद्यांसाठी मोफत सल्लासेवा आहे. ती राज्यांच्या खात्यांमार्फत आणि काही ठिकाणी विद्यापीठांमार्फत चालते. दंड करणाऱ्या तपासणीपासून ती वेगळी ठेवली आहे आणि सल्लागाराला जे दिसलं ते गोपनीय राहतं. मात्र एक अट मालकाने आधीच मान्य करायची असते: गंभीर धोका सापडला तर तो ठरलेल्या मुदतीत दुरुस्त करायचा. तुमच्या करारात नेमकी ही अट हवी. माझ्या मते मसुद्यातली चार पानं फाडून हे एक कलम ठेवलं तरी चालेल.

शब्दांत सांगायचं तर असं काहीतरी: 'पाहणीतली निरीक्षणं कारखानदाराला लेखी दिली जातील, इतर कोणालाही नाही. जिवाला तात्काळ धोका असेल तर ते यंत्र किंवा ती जागा त्याच वेळी बंद ठेवली जाईल. इतर गंभीर त्रुटी ३० दिवसांत दुरुस्त होतील. न झाल्यास कॉलेज त्या कारखान्यातून माघार घेईल आणि तसं संघटनेला कळवेल.' हे लिहिताना एक सांभाळा. 'कारवाई होणार नाही' असं वचन करारात चुकूनही देऊ नका. ते द्यायचा अधिकार ना कॉलेजला आहे ना संघटनेला, आणि डिशला करार करून स्वतःचं वैधानिक कर्तव्य सोडता येत नाही. अपघाताची नोटीस तर कोणत्याच करारात अडकत नाही. मृत्यू झाला किंवा जखमी माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही, तर कळवायचंच.

कायद्याचा भाग थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियम १९४८ च्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २०२० लागू झाली आहे. 'कारखाना' ठरायला लागणारी कामगारांची संख्या विजेवर चालणाऱ्या जागेसाठी १० वरून २० झाली, विजेविना ४०. सर्वसाधारण आस्थापनेसाठी १०. पूर्व भागात चार-सहा माणसांत चालणाऱ्या किती शेड आहेत ते तुम्हीच मोजा. तिथे कायद्याचा हात पोचत नाही, प्रशिक्षण मात्र पोचू शकतं. करारात 'नोंदणीकृत कारखाने' असा शब्द पडला असेल तर आधी तो काढा. दुसरं, नव्या संहितेत निरीक्षकाच्या पदनामातच सल्ला आणि सुविधा देण्याची जबाबदारी जोडली आहे. त्यामुळे डिशला या करारात यायला अडचण नसावी.

आणि एक कागदी गोष्ट जी नेहमी राहून जाते. शासकीय तंत्रनिकेतन तंत्रशिक्षण संचालनालयाखाली, आयटीआय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाखाली, डिश कामगार विभागाखाली. सही करायचा अधिकार प्राचार्यांना आहे का, हे आधी विचारा. नाहीतर फाइल फिरत बसते आणि ४ मार्चचा सुरक्षा दिन उजाडला की हार-तुऱ्याचा कार्यक्रम करून मोकळे.

---

जॉबर_नाना

कलम सरांनी कागदाचं सांगितलं. मी मागाचं सांगतो.

आधी हे ठरवा की शिकवायचं कोणाला. विणकर माग चालवतो, पण बंद मागात हात घालतो तो जॉबर. पट्टा बदलणं, पिकर (धोट्याला धक्का देणारा भाग) बदलणं, फणी बसवणं, जॅकार्डखाली (नक्षीसाठी धागे उचलणारी वरची यंत्रणा) वाकणं ही सगळी कामं त्याची. ४५ मिनिटांत १६ जणांना थोडं थोडं शिकवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, चार आठवडे, दोन-तीन कारखान्यांतले जॉबर एकत्र करा. जॉबर शिकला तर शेड शिकते. उलट तोच जाळी काढून ठेवायला लागला की सगळेच ठेवतात.

त्याला शिकवायची मुख्य गोष्ट म्हणजे मागात हात घालायच्या आधीचा क्रम:

माग थांबवा. बाजूच्या विणकराला मोठ्याने सांगा, कारण तुम्ही खाली वाकलात की त्याला दिसत नाही. स्टार्टरचं लाल बटण दाबून थांबू नका. ते बटण आहे, स्विच नाही, दुसऱ्याचा धक्का लागला तरी माग सुरू होतो. त्या मागाचा आयसोलेटर, म्हणजे वीज पूर्ण तोडणारा स्विच, बंद करा. त्याला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात. आता हिरवं बटण दाबून बघा. माग हलला तर तुम्ही चुकीचा आयसोलेटर बंद केलाय. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा होतं, कारण मागावर एक नंबर आणि बोर्डावर दुसराच. म्हणून पहिल्याच दिवशी माग, मोटार, स्टार्टर, आयसोलेटर या चारही ठिकाणी एकच नंबर रंगवून घ्या.

वीज गेली म्हणजे जोर गेला असं नाही. चाकाचा झोक उरलेला असतो, पिकिंग स्टिक ताणलेली असू शकते, बीमची वजनं लटकलेली असतात, जॅकार्डची हार्नेस वर अडकलेली असते. चाक हाताने फिरवून माग सैल स्थितीत आणा, वजनं उतरवा, वर अडकलेलं काही असेल तर टेकू द्या, मग हात घाला. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. त्यासाठी अनेक भोकांची कडी मिळते. काम झाल्यावर हत्यारं मोजा, जाळी बसवा, सगळे बाजूला झालेत हे बघा, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. दुसऱ्याचं कुलूप काढायला मालकाकडे दुसरी किल्ली ठेवलीत की सगळा खेळ संपला.

बहुतेक शेडमध्ये कुलूप लावता येईल असा आयसोलेटरच नसतो, हे आधी बघून घ्या. नुसता एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा छोटा स्विच) असेल तर त्याच्या खटक्यावर बसणारी कुलपाची क्लिप येते. महाग नाही. प्रशिक्षणाला जाताना दहा क्लिपा आणि दहा वेगवेगळ्या किल्ल्यांची कुलपं पिशवीत असू द्या. शिकवून झाल्यावर तिथेच ठेवून या, परत आणू नका.

दुसरा विषय उडणारा धोटा, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारा भाग. धोट्याच्या मागावर हा एकच प्रकार डोळा फोडतो. धोटा उडायची कारणं ठरलेली: झिजलेला पिकर, धोट्याच्या पेटीची सैल किंवा जास्त घट्ट पकड, पिकिंगची चुकलेली वेळ, तुटके ताणे (उभे धागे) धोट्याच्या वाटेत येणं, धोट्याचं टोक बोथट होऊन चिरणं. फणीसमोर आडवी बसणारी धोटा-अडवणी सळई काढून टाकलेली असते, कारण तुटलेला ताणा जोडताना ती हाताला लागते. ती कापडाच्या बाजूला वळवता येईल अशी बिजागरीवर बसवा, म्हणजे काढायचं कारण उरत नाही. नुसतं 'काढू नका' म्हणून कोणी ऐकत नाही.

जिथे अजून धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घेतात तिथे वाकडी तार द्या. एकच धोटा दिवसात चार तोंडांना लागतो. क्षयाच्या दृष्टीने हे फार वाईट.

---

टॉवेलपट्टी

मालकाच्या बाजूने एक रोखठोक प्रश्न. ४५ मिनिटं माग बंद. विणकर पीसवर आहे, जेवढं विणेल तेवढीच मजुरी. त्याची मजुरी कोण देणार? कॉलेज की सरकार?

---

कलम_आणि_कुलूप

प्रश्न बरोबर आहे, आणि करारात याचं उत्तर नसेल तर योजना पहिल्याच महिन्यात बसेल. १६ माणसं गुणिले पाऊण तास म्हणजे १२ मनुष्यतास. मागच्या महिन्याच्या सरासरी कमाईवरून तेवढ्या तासांची रक्कम काढा आणि ती मालकाने पगारात द्यावी, असं लिहून घ्या. प्रशिक्षण देणं ही जुन्या कायद्यातही मालकाचीच जबाबदारी होती (कलम ७-अ) आणि नव्या संहितेतही आहे, त्यामुळे हे उपकार नव्हेत. विणकराच्या खिशातून गेलं तर तो बसेल, पण लक्ष घड्याळाकडे. शिफ्ट सुटल्यावर बोलावलंत तर त्याहून वाईट. बारा तास उभा राहिलेला माणूस शिकत नाही.

शिफ्ट बदलायच्या वेळी माग तसेही थोडे थांबतात. त्याला लागून बैठक ठेवली तर नुकसान कमी होतं.

---

अर्थिंगवाला

विजेचा भाग कॉलेजला सगळ्यात सोपा जाईल, कारण मोजमापाची साधनं प्रयोगशाळेत आधीच असतात. पण चुका त्याच त्या होतात.

पहिली चूक, सगळ्या शेडला मिळून एकच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). १६ मोटारींची थोडी थोडी गळती एकत्र झाली की तो सारखा पडतो. मग कोणीतरी तार टाकून तो बायपास करतो आणि बोर्डावर मात्र दिमाखात दिसतो. मुख्य ठिकाणी १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा, थोडा उशिरा पडणारा, आणि हाताशी येणाऱ्या सॉकेटना, दिव्यांना, हातयंत्रांना वेगळे ३० चे, अशी विभागणी करा. ३०० वाला माणसाला वाचवत नाही, आग लागायची शक्यता कमी करतो. माणसासाठी ३० चाच.

तरीही पडत असेल तर बहुतेक वेळा न्यूट्रलची गडबड असते. एका आरसीसीबीखालचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटला जोडलेला, किंवा पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले. शोधायची रीत: सगळे एमसीबी खाली, मग एकेक वर. ज्याने पडतो त्याच्या मोटारीचं इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) बघा. 'टी' लिहिलेलं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं. पण ते फक्त आरसीसीबी जिवंत आहे एवढंच सांगतं, अर्थिंग चांगलं आहे असं नाही. अर्थिंग बघायचं तर मागाच्या सांगाड्यापासून अर्थपट्टीपर्यंतची सलगता मोजा. रंग खरवडून धातूवर टोक टेकवा, नाहीतर चांगली पट्टीही तुटल्यासारखी दिसते. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतून तुटलेली पट्टी जोडली जात नाही, हे विद्यार्थ्यांनाही एकदा सांगून ठेवा.

टॉवेलच्या शेडमधली खरी डोकेदुखी म्हणजे तूस, सुताचे उडणारे बारीक तंतू. ते पॅनेलमध्ये शिरतं, सैल लग (तारेच्या टोकाची जोडणी) तापतो आणि तूस पेट घेतं. मोटारीच्या पंख्याच्या झाकणावर थर बसला की मोटार आतून तापते. आणि सफाई कशाने करतात? कॉम्प्रेसरच्या हवेने, पॅनेल चालू असताना! हवेने तूस जात नाही, छताच्या कैचीवर आणि केबल ट्रेवर जाऊन बसतं, शिवाय सगळ्यांच्या छातीत जातं. ब्रश आणि व्हॅक्यूमने काढा, वीज बंद करून. पॅनेलची दारं रबरी पट्टीसकट घट्ट मिटली पाहिजेत, केबल शिरते त्या भोकांना ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारी कडी) हव्यात. उघडी राहिलेली गोल भोकं हे तुसाचं राजद्वार.

शॉक लागला तर आधी वीज बंद, मग माणूस. छातीवर दाब देणं मात्र प्रत्येकाच्या हातून करून घ्या, पुतळ्यावर. मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. शिकलेला असेल तर ३० दाब आणि २ श्वास. नसेल तर नुसते दाब, १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत.

आगीबद्दल दोनच गोष्टी, कारण बाकी सगळं अग्निशमन दलाचे लोक चांगलं शिकवतात. सहा किलोची पावडरची नळकांडी पंधरा सेकंदांच्या आसपास रिकामी होते. म्हणून ती चालवायचा सराव खऱ्या छोट्या आगीवर, उघड्या मैदानात करून घ्या. पिन ओढायची राहते आणि माणूस नुसता दांडा दाबत बसतो, हे पहिल्यांदा हातात घेणाऱ्या बहुतेकांचं होतं. दुसरं, सुताचा गठ्ठा वरून विझला तरी आत धुमसत राहतो. पावडर मारून समाधान मानू नका. फोडा, बाहेर न्या, पाणी मारा, काही तास लक्ष ठेवा. आणि रोलिंग शटर म्हणजे बाहेर पडायचं दार नव्हे. वीज गेली की मोटारीचं शटर अडकतं. शेडमध्ये किंवा वरच्या मजल्यावर कोणी राहत-झोपत असेल, तर बाहेर उघडणारा दुसरा रस्ता असल्याशिवाय पुढचं प्रशिक्षणच घेऊ नका, तेवढा हट्ट धरा.

---

श्वासमापी

करारात वैद्यकीय महाविद्यालय कुठे दिसत नाही. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्या समाजवैद्यक विभागाला चौथा पक्ष म्हणून विचारून बघा. हात तुटलेला दिसतो, बहिरेपण दिसत नाही.

धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज सहज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात जातो. कारखाने नियमांची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल. दर ५ डेसिबल वाढले की वेळ निम्मा: ९५ ला चार तास, १०० ला दोन. आणि शिफ्ट बाराची! उपकरणाशिवाय अंदाज घ्यायचा तर हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का, एवढं बघा. मोबाइलवरचं ॲप शिकवायला ठीक, नोंदीसाठी नाही.

कानात कापूस घालून काही होत नाही. फोमचा बोळा द्यायचा, आणि घालायची पद्धत प्रत्येकाला हातात धरून दाखवायची. बोळा दोन बोटांत लाटून बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागे ओढा, बोळा आत सारा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. बाहेर लोंबत राहिला तर तो फक्त शोभेला. हात रंगाचे असतील तर आधी धुवा. श्रवणतपासणी सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टच्या आधी ठेवा. निदान १४ तास गोंगाटापासून दूर राहिलेल्या कानाचीच तपासणी खरी. शिफ्ट सुटल्यावर केली तर तात्पुरतं मंदावलेलं ऐकणं कायमचं म्हणून नोंदलं जातं.

सुताच्या धुळीचा छातीचा आजार, बायसिनोसिस, विणाईपेक्षा कताई-पिंजणाच्या खात्यात जास्त. तरी एक प्रश्न सगळ्यांना विचारा: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते का, आणि आठवडा पुढे सरकला की कमी होते का? 'हो' आलं तर त्याच पहिल्या दिवशी, शिफ्टच्या आधी आणि नंतर, फुंकनळीची तपासणी (स्पायरोमेट्री, फुप्फुसांची क्षमता मोजणारी). तीन नीट फुंकी, त्यातल्या सर्वांत चांगल्या दोनमध्ये १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. हा आजार आणि गोंगाटामुळे येणारं बहिरेपण, दोन्ही जुन्या कायद्याप्रमाणेच नव्या संहितेच्याही तिसऱ्या अनुसूचीत सूचनायोग्य आजार म्हणून नोंदलेले आहेत. म्हणजे निदान करणाऱ्या डॉक्टरने कळवणं बंधनकारक. हे कामगाराला तपासणीच्या आधीच सांगा. वैयक्तिक अहवाल फक्त त्याच्या हातात, मालकाला एकूण आकडे. असं लिहिलं नाही तर दुसऱ्या शिबिराला कोणी येणार नाही, कारण 'कमजोर' ठरलेल्याचा माग दुसऱ्याला जाईल ही भीती खरी आहे.

एप्रिल-मे मधली बैठक पत्र्याखाली घेऊ नका, एवढंही पुरे. उन्हाळ्यातला विषय वेगळा ठेवा: दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं पाणी, आणि बडबडायला लागलेला, अंग तापलेला माणूस दिसला तर आधी पाणी ओतून वारा घालून थंड करायचा, मग दवाखाना.

रंगाईचा विषय कोणीच काढला नाही. थोडक्यात: हायड्रोच्या (सोडियम हायड्रोसल्फाइट) डब्यात ओला चमचा घालू नका, थोडं पाणी लागलं तरी ते तापतं, पेटतं आणि गंधकाचा वायू सोडतं. पेटलं तर थोड्या पाण्याने विझत नाही. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एका कप्प्यात नको, क्लोरीन तयार होतो. ज्यांच्याकडे रंगाई आहे त्यांच्यासाठी हे वेगळं सत्र.

---

यंत्रविभाग_सोलापूर

सगळ्यांचे आभार. जॉबरपासून सुरुवात करायची, हे पटलं. आता दोन शंका राहतात. विद्यार्थी नेमके कोणत्या नात्याने शेडमध्ये जाणार? आणि प्राचार्यांचा आग्रह आहे की प्रत्येक कामगाराला प्रमाणपत्र द्यावं.

---

कलम_आणि_कुलूप

विद्यार्थी निरीक्षक म्हणून जातील, कामगार म्हणून नाही. हे लेखी हवं. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ खाली उमेदवारी करणाऱ्याला इजा झाली तर भरपाई मालकावर येते. पाहणीला आलेल्या विद्यार्थ्याला ते कवच नाही. त्यामुळे अपघात विमा कॉलेजने काढायचा. पहिल्या वर्षाची मुलं नेऊ नका, डिप्लोमाला सोळा-सतरा वर्षांची असतात. शेवटच्या वर्षाची, १८ पूर्ण झालेली, चार-चारच्या गटात आणि प्रत्येक गटाबरोबर एक शिक्षक. बंद बूट, अंगालगतचे कपडे, ओढणी-साखळी-कडं नाही, केस बांधलेले. उघड्या चालू पॅनेलजवळ नाही, मागाला हात नाही. फोटो मालकाच्या परवानगीने, आणि माणसाचा चेहरा न घेता.

तास कुठून आणायचे म्हणाल तर डिप्लोमाला इंटर्नशिपचे आठवडे आहेत. पदवी कॉलेज सोबत आलं तर एनएसएसचे वर्षाला १२० तास असतात, त्यात भाषेची आणि भित्तिचित्रांची कामं बसतात.

प्रमाणपत्र द्या, पण वर 'उपस्थिती' लिहा. 'सुरक्षा प्रशिक्षित' असं लिहिलंत तर उद्या अपघात झाल्यावर तोच कागद 'त्याला सगळं माहीत होतं' म्हणून त्याच्याविरुद्ध पुढे येईल. सुरक्षा अधिकारी व्हायला औद्योगिक सुरक्षेची पदविका लागते. लिफ्ट, क्रेन, दाबाखालची भांडी तपासून सही करायला 'सक्षम व्यक्ती' म्हणून मान्यता लागते. कॉलेजच्या चार बैठकांनी यांतलं काही मिळत नाही. प्रयोगशाळा चांगली असेल तर कॉलेजनेच संस्था म्हणून ती मान्यता मागावी, हा वेगळा आणि चांगला उद्योग आहे.

---

जॉबर_नाना

मोजायचं कसं, ते राहिलं. हजेरीची वही आणि सामूहिक फोटो बाजूला ठेवा. प्रशिक्षणाआधी एका शेडचे सगळे माग फिरून पाच गोष्टी मोजा: पट्ट्याची जाळी जागेवर, धोटा-अडवणी जागेवर, कुलूप लावता येणारा आयसोलेटर, माग-मोटार-स्टार्टर-आयसोलेटर या चारही ठिकाणी एकच नंबर, कानात नीट बसलेला बोळा. तीस दिवसांनी तेच, नव्वद दिवसांनी परत तेच. कोणत्या आठवड्यात येणार ते सांगा, दिवस सांगू नका. आणि जॉबरला एक पट्टा बदलून दाखवायला सांगा, तोंडी परीक्षा घेऊ नका. नव्वदाव्या दिवशी कुलपं गंजून खिळ्याला लटकलेली असतील तर काय ते समजा.

'थोडक्यात वाचलो' अशा घटनांची वही ठेवली तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत नोंदी वाढतील. मालक घाबरेल की अपघात वाढले. त्याला आधीच सांगून ठेवा की लोक लिहायला लागले आहेत.

---

टॉवेलपट्टी

आणि भाषा? आमच्याकडे अर्धे घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही हिंदी-दखनी. मराठी सगळ्यांना कळतं, पण वाचणारे कमी.

---

जॉबर_नाना

पोस्टरवर वाक्य नको, चित्र आणि क्रमांक. बोलणं ज्या त्या भाषेत, त्यासाठी पूर्व भागातलेच दोन विद्यार्थी प्रत्येक गटात घ्या, तुमच्या वर्गात नक्की असतील. पण मागाच्या भागांची नावं बदलू नका. पिकर, स्टार्टर, बीम, जॅकार्ड हे चारही भाषांत तेच आहेत. भाषांतर करणाऱ्याने 'स्टार्टर' ला शुद्ध शब्द शोधला की समोरचा माग सोडून त्याच्याकडेच बघत बसतो.

---

यंत्रविभाग_सोलापूर

पहिल्या फेरीसाठी तीन शेड आणि सात जॉबर ठरले आहेत. टॉवेलपट्टी साहेब, मजुरीचं कलम तुमच्या संघटनेकडून लिहून आलं तर बरं, आमच्याकडून गेलं तर मान्य व्हायला वेळ लागेल.

---

टॉवेलपट्टी

पाठवतो. रक्कम सरासरी कमाईवरून, त्याच महिन्याच्या पगारात, असंच लिहितो. कुलपांची पिशवी मात्र तुम्ही आणायची.

---

अर्थिंगवाला

कुलपं घेताना वाकड्या कांडीची जाडी क्लिपच्या भोकात बसते का ते दुकानातच बघा. बाजारात सहज मिळणारं साधं कुलूप बऱ्याच वेळा जाड निघतं.